परदेशगमन आणि पेहरावाचा प्रश्न : गांधीजींच्या आत्मकथेतील लंडन

गोषवारा

परक्या आणि प्रतिष्ठित शहरात जाताना अंगावर काय घालावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत मात्र तो पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदलत जातो. १८८८ च्या लंडन प्रवासाशी संबंधित प्रकरणे सामान्यतः 'मोहाकडून साधेपणाकडे' अशा नीतिकथेच्या स्वरूपात वाचली जातात. प्रस्तुत लेखात या रूढ वाचनाची फेरतपासणी केली आहे. पेहरावाविषयीची जागरूकता गांधीजींनी कधी सोडली नाही. बदलली ती ज्यांना समोर ठेवून पेहराव ठरवायचा ती माणसे, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर कस्तुरबा, डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संदर्भात या नीतिकथेच्या मर्यादाही दाखविल्या आहेत.

बीजसंज्ञा : आत्मकथा, पेहराव, परदेशगमन, वसाहतकाळ, प्रतिनिधित्व.

प्रास्ताविक

'सत्याचे प्रयोग' ही आत्मकथा मूळ गुजरातीत 'नवजीवन' या साप्ताहिकातून १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने मराठी अनुवादातून वाचली गेली आणि तिच्यातील काही प्रसंग शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचले. विलायतेत 'सभ्य गृहस्थ' होण्याची तरुण मोहनदासची धडपड हा त्यांपैकीच एक प्रसंग होय. नाचाचे धडे, व्हायोलिन, उंच हॅट, आरशासमोर घालविलेली दहा मिनिटे हा तपशील विद्यार्थ्यांना हसवतो आणि शिक्षकाला बोध सांगण्याची सोय करून देतो. बोध ठरलेला असतो : बाह्य डामडौल खोटा, साधी राहणी खरी.

हा बोध चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. त्यामुळे संहितेतील गुंतागुंत झाकली जाते. शिवाय, वर्गात बसलेल्या ज्या विद्यार्थ्याला गावाहून शहरातील महाविद्यालयात येताना 'आपले कपडे इथे चालतील का?' हा प्रश्न खरोखर पडलेला असतो, त्याच्या प्रश्नाची बोळवण केवळ मोह म्हणून होते. म्हणूनच या प्रकरणांकडे समीक्षकाच्या दृष्टीने पुन्हा पाहणे आवश्यक ठरते. एमा टार्लो यांनी 'क्लोदिंग मॅटर्स' (१९९६) या ग्रंथात गांधीजींच्या वेषांतरांचा सामाजिक दृष्टीने विस्तृत मागोवा घेतला आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्याहून वेगळा, म्हणजे आत्मकथेच्या निवेदनावर आहे.

१. शहर पाहण्यापूर्वी घेतलेला निर्णय

परगावी घालावयाच्या कपड्यांचा निर्णय ते गाव पाहण्यापूर्वीच घ्यावा लागतो. त्यामुळे तो निर्णय प्रत्यक्ष शहराविषयी नसतो. घरी बसून कल्पिलेल्या शहराविषयी असतो. आत्मकथेतील मुंबईचा भाग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ज्ञातीच्या पंचायतीने विलायतेस जाण्यास विरोध केला, मोहनदासला वाळीत टाकले, पैशाची व्यवस्था ऐन वेळी बिघडली आणि पुन्हा जुळली. या सर्व गडबडीत कपडे मित्रांनी तयार करवून घेतले. ते शिवले गेले मुंबईत, मुंबईच्या शिंप्याच्या कल्पनेतील विलायतेसाठी.

आत्मकथाकार येथे दोन नोंदी करतात. पुढे ज्या नेकटायची हौस वाटू लागली ती त्या वेळी मुळीच आवडली नव्हती. आणि आखूड जाकीट तर निर्लज्जपणाचे वाटले होते. या नोंदी लहान असल्या तरी महत्त्वाच्या आहेत. लाजेची जाणीव जन्मजात नसते, ती स्थळानुसार घडते, हे त्यांतून सूचित होते. राजकोटच्या नजरेला आखूड जाकीट अंग उघडे टाकणारे वाटते, तर लंडनच्या नजरेला तेच जाकीट नसणे असभ्य ठरते. परदेशी जाणाऱ्याला दोन लाजांमधून वाट काढावी लागते. त्यांपैकी एक लाज तो सोबत घेऊन निघतो आणि दुसरी त्याला उतरल्यावर भेटते.

२. पांढऱ्या फ्लॅनेलची लाज

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदासने मुंबई सोडली. बोटीवर त्याने काळा सूट वापरला. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट मात्र उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. किनाऱ्यावर पाऊल ठेवताना पांढरे कपडे अधिक शोभतील, असा त्याचा तर्क होता. आत्मकथेतील निवेदनानुसार साउथॅम्प्टनला उतरताना त्याच्या लक्षात आले, की सप्टेंबरच्या अखेरीस तसे कपडे घातलेला तो एकटाच आहे. इतरांचे पाहून त्यानेही आपले सामान किल्ल्यांसह एजंटच्या ताब्यात दिले होते. दुसरा दिवस रविवारचा असल्याने ते मिळणार नव्हते. म्हणजे चूक कळली, पण ती दुरुस्त करण्याचे साधन हाती नाही, अशी त्याची अवस्था झाली.

या प्रसंगाच्या रचनेत विनोद आहे, परंतु तो भाष्यातून आलेला नाही. आत्मकथाकार स्वतःची कीव करीत नाहीत आणि लंडनवर टीकाही करीत नाहीत. एकामागून एक तपशील मांडत जातात. पांढरा रंग शुभ, स्वच्छ आणि प्रसंगाला साजेसा, ही धारणा काठेवाडात अगदी योग्य होती. चूक धारणेत नव्हती. ती सर्वत्र चालेल या गृहीतात होती. दुसरी गोष्ट अशी, की मोहनदासने एकाच दिवशी दोन निर्णय घेतले. कपड्यांबाबत स्वतःची बुद्धी चालवली आणि सामानाबाबत इतरांचे अनुकरण केले. दोन्ही निर्णय अंगाशी आले. स्वतंत्र विचार बरा की अनुकरण बरे, असा सरळ बोध त्यामुळे या प्रसंगातून काढता येत नाही. परक्या शहराचे नियम ठाऊक नसले, की दोन्ही मार्ग सारखेच निसरडे असतात, एवढेच संहिता सांगते.

त्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस आले. फ्लॅनेलचा पोशाख पाहून ते हसले. बोलता बोलता मोहनदासने त्यांची उंच हॅट सहज हाती घेतली आणि तिच्यावरून उलटा हात फिरवून तिची लव विस्कटून टाकली. डॉक्टरांच्या नजरेने तो थांबला, पण नुकसान व्हायचे ते झाले होते. युरोपीय शिष्टाचाराचा हा त्याचा पहिला धडा. लक्षात घेण्याजोगे असे, की हा धडा देणारा इंग्रज नाही. लंडनच्या वतीने हसणारा आणि शिकविणारा माणूस आधी तेथे पोहोचलेला देशबांधवच आहे. स्थलांतरितांच्या अनुभवात हे वारंवार दिसते. नवागताच्या कपड्यांवरची पहिली नजर बहुधा आपल्याच माणसाची असते. त्या नजरेत आपुलकी असते आणि काल-परवापर्यंत आपणही असेच होतो, याची अवघड आठवणही असते.

३. व्रताबाहेरचे क्षेत्र

मोहनदासने आईजवळ तीन गोष्टींची शपथ घेतली होती : मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची. या शपथेत पेहरावाचा उल्लेख नाही. रूढ वाचनात या गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही, परंतु पुढील सर्व घटनांची गुरुकिल्ली तीच आहे. अन्नाच्या बाबतीत लंडनशी तडजोड करणे शक्य नव्हते. वस्त्र मात्र मोकळे होते. जे पोटात घालता येणार नव्हते, त्याची भरपाई अंगावर घालून करता येणार होती.

ही भरपाई आत्मकथाकारांनी स्वतःच नोंदविली आहे. एका मित्राने मोहनदासला नाटकास नेण्यापूर्वी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवावयास नेले. सूपमध्ये मांस आहे का, हे विचारण्यासाठी मोहनदासने वाढप्याला बोलावले. मित्र संतापला, सभ्य समाजात वावरण्याची तुझी लायकी नाही, अशा अर्थाचे बोलून त्याने त्याला बाहेर जाण्यास सांगितले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद असल्याने मोहनदास त्या रात्री उपाशी राहिला. त्यानंतर त्याने ठरविले, की आपण शाकाहारी राहू, परंतु इतर सर्व बाबतीत सुधारून दाखवू. मुंबईचे कपडे इंग्रज समाजात शोभत नाहीत असे वाटून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले गेले. एकोणीस शिलिंगांची 'चिमनी पॉट' हॅट आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवला गेला. वडील बंधूंकडून घड्याळासाठी सोन्याची दुपदरी साखळी मागविण्यात आली.

याचा अर्थ असा, की 'सभ्य गृहस्थ' होण्याच्या खटाटोपाचे मूळ केवळ हौसेत नव्हते. एका ठिकाणी ठाम राहण्याची किंमत तो दुसऱ्या ठिकाणी चुकती करीत होता. ज्याला मोह म्हणून हसावयाचे, तो एका अर्थाने व्रत टिकविण्याचा मार्ग होता.

या संदर्भात पाच वर्षांपूर्वीच्या एका मराठी स्त्रीच्या निर्णयाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर सभेत बोलल्या. बहिष्काराच्या प्रश्नाला उत्तर देताना आपण आचार, आहार आणि पेहराव यांत कोणताही बदल करणार नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. ज्ञातिबहिष्काराची टांगती तलवार दोघांवरही होती. मोहनदासची शपथ घरात, आईपुढे झाली आणि तीत वस्त्राला स्थान नव्हते. आनंदीबाईंना मात्र भर सभेत वस्त्राची हमी द्यावी लागली. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेले त्यांचे छायाचित्र सुपरिचित आहे. जपान आणि सीरियातील दोन विद्यार्थिनींसमवेत त्या साडीत बसलेल्या आहेत आणि तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत.

या दोन उदाहरणांतील फरक व्यक्तिस्वभावाचा नाही. वसाहतकालीन राष्ट्रवादाने घर हे अंतरंग आणि बाहेरचे जग हे बहिरंग अशी विभागणी करून अंतरंगाच्या रक्षणाची जबाबदारी स्त्रियांवर सोपविली, असे पार्थ चॅटर्जी यांनी दाखविले आहे. पुरुषाने विलायतेत सूट घातला तर तो व्यवहार ठरत असे. स्त्रीने लुगडे सोडले तर तो धर्मत्याग ठरला असता. मोहनदासला चुकीचा सूट निवडण्याचे जे स्वातंत्र्य होते, ते आनंदीबाईंना नव्हते. चुका करून शिकण्याची मुभा हीदेखील एक सामाजिक सवलत असते, हे आत्मकथेचे वाचन करताना विसरता येत नाही.

४. आरसा आणि हिशेबाची वही

'सभ्य गृहस्थ' प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील आरशाचा आहे. हिंदुस्थानात असताना आरसा पाहणे ही न्हावी घरी हजामतीस येई त्या दिवसापुरती चैन होती. लंडनमध्ये मात्र मोठ्या आरशासमोर रोज दहा मिनिटे टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात जाऊ लागली. केस मऊ नव्हते, त्यामुळे ब्रशशी नित्य झुंज चाले. हॅट घालताना किंवा काढताना हात आपोआप डोक्याकडे जाई. स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची ही सवय आहे. शहर आता बाहेर राहिलेले नाही. ते त्या हाताच्या हालचालीत शिरले आहे.

या ठिकाणी आत्मकथाकारांचे कालमापन तपासून पाहावे लागते. हा मोह सुमारे तीन महिने टिकला, असे ते म्हणतात. पेहरावातील टापटीप मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली, अशी पुस्तीही ते जोडतात. सच्चिदानंद सिन्हा यांनी नोंदविलेल्या आठवणीनुसार फेब्रुवारी १८९० मध्ये, म्हणजे तीन महिन्यांची मुदत केव्हाच संपल्यानंतर, पिकॅडिली सर्कसपाशी दिसलेले गांधी चकचकीत रेशमी टॉप हॅट, कडक कॉलर, रंगीबेरंगी टाय आणि हातमोजे अशा थाटात होते. या साक्षीमुळे आत्मकथा खोटी ठरत नाही. नाच आणि व्हायोलिन सुटले आणि कपडे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु वाचकाच्या मनावर ठसतात ते तीन महिने. 'कित्येक वर्षे' हे शब्द हातातून निसटतात. निवेदनाचा तोल असा आहे, की पुस्ती प्रामाणिकपणे दिलेली असूनही ती परिणामकारक होत नाही. नीतिकथेला जलद परिवर्तन हवे असते. जीवनात ते सावकाश होते.

तथापि, संहितेने स्वतःच एक दुसरे माप दिले आहे, ते म्हणजे हिशेबाची वही. विलायतेत पै-पैचा जमाखर्च लिहिण्याची सवय मोहनदासने प्रारंभापासून पाळली होती. पुढे खर्च कमी करताना दिवसाचे जेवण एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागू लागले. या दराने हिशेब केला तर बाँड स्ट्रीटच्या दहा पौंडांच्या सुटात एकशे साठ दिवसांचे जेवण झाले असते. हा हिशेब आत्मकथाकार मांडत नाहीत, पण दोन्ही आकडे वाचकाच्या हाती देतात. थोरल्या भावाच्या पैशावर शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा नव्हता; तो ऋणाचा होता. मन बदलण्यास कारणीभूत झाले ते आरशात पाहणे नव्हे, तर वहीत पाहणे. लंडनचा फॅशनेबल समाज वाईट म्हणून नव्हे, तर आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत आणि येथेच आयुष्य काढावयाचे नाही, या विचाराने तो सावरला.

शेवटी ज्या लंडनने मोहनदासला आपलेसे केले ते बाँड स्ट्रीटचे लंडन नव्हते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृहात त्याला हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक मिळाले. पुढे शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्याची निवड झाली. ज्या गोष्टीपायी हॉलबर्नमध्ये अपमान झाला तिनेच दुसरे लंडन उघडून दिले. शहर एकच असते आणि ते एकमुखाने निवाडा देते, हे गृहीत येथे कोसळते. 'त्या शहरात काय शोभेल?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण 'ते शहर' असे काही एकसंध नसतेच.

५. कस्तुरबांचे मोजे

आत्मकथेतील पेहरावाचा दुसरा मोठा प्रसंग १८९६ च्या अखेरचा आहे. या वेळी गांधीजी पत्नी आणि मुलांसह दक्षिण आफ्रिकेस निघाले होते. घरच्यांनी काय घालावे हे त्यांनी ठरविले. युरोपीयांच्या बरोबरीने दिसले पाहिजे, पण पूर्ण युरोपीय वेष शोभणार नाही. त्या काळी हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले मानले जात. म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण, असा निर्णय झाला. बूट-मोजे सर्वांनाच सक्तीचे. बुटांनी पाय आवळले, मोजे घामाने कुबट झाले, बोटे दुखू लागली.

या परिच्छेदाचे वाङ्मयीन मूल्य त्यातील कबुलीत आहे. तक्रारींना आपल्यापाशी उत्तरे तयार असत, परंतु घरच्यांनी मान्य केले ते उत्तरांमुळे नव्हे, तर अधिकाराच्या बळामुळे, असे आत्मकथाकार सांगतात. त्यांचा मोह ओसरल्यावर काटे-सुरे सुटले आणि वेषही पुन्हा बदलला. नव्या रीतीची सवय झालेल्या घरच्यांना जुन्याकडे परत येणेही तितकेच जड गेले असावे, हेही ते मान्य करतात. आत्मपरीक्षणाची ही पातळी मराठी-गुजराती आत्मचरित्रपर लेखनात विरळा आहे.

तरीही समीक्षकाला येथे एक प्रश्न विचारावाच लागतो. 'सुधारणे'कडे जाताना निर्णय एकाचा होता. साधेपणाकडे परतताना तरी तो सर्वांचा होता काय? आता आम्हा सर्वांना मोकळे आणि हलके वाटते, असे त्या परिच्छेदाचे समारोपाचे सूत्र आहे. हे 'आम्ही' कोणी उच्चारले आहे, हे स्पष्टच आहे. कस्तुरबांचे स्वतःचे निवेदन या ठिकाणी नाही. आरशासमोर रमलेल्या मोहनदासची चूक त्याची स्वतःची होती आणि दुरुस्तीही त्याचीच होती. कस्तुरबांच्या वाट्याला दुसऱ्याची चूक आली आणि दुसऱ्याचीच दुरुस्ती. साधेपणाची नीतिकथा स्त्रीच्या पायांपाशी येऊन अडखळते ती अशी.

६. एक परिषद, दोन पोशाख

आत्मकथेचे निवेदन १९२० च्या नागपूर काँग्रेसपाशी थांबते. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे स्वीकारलेला पंचा तीत नाही. परंतु आत्मकथा लिहिणारा हात पंचा नेसलेल्या माणसाचा आहे आणि ते तो विसरू देत नाही. १९१५ मध्ये मुंबईत जहांगीर पेटिट यांच्या बंगल्यावरील स्वागतसमारंभात काठेवाडी अंगरखा, फेटा आणि धोतर अशा वेषात आपण खेडवळासारखे अवघडलो होतो, असे सांगताना, आजच्यापेक्षा तेव्हा आपण बरेच सुधारलेले दिसत होतो, अशी मिस्कील टीप आत्मकथाकार जोडतात. साउथॅम्प्टनचे अवघडलेपण आणि मुंबईचे अवघडलेपण यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पहिल्या वेळी कपडे चुकले म्हणून लाज वाटली. दुसऱ्या वेळी कपडे ठाम होते आणि केवळ परिसर परका वाटला.

१२ सप्टेंबर १९३१ रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी पुन्हा लंडनला पोहोचले. तोच महिना, तेच शहर. सोबतच्या मंडळींनी लंडनच्या थंडीसाठी आणि रीतीसाठी बरोबर घेतलेले अवजड सामान पाहून त्यांनी नापसंती व्यक्त केली आणि ते वाटेतूनच परत पाठविण्यात आले, हे महादेवभाई देसाई यांच्या वृत्तांतावरून कळते. मुक्काम पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये झाला. ५ नोव्हेंबर रोजी बकिंगहॅम राजवाड्यातील स्वागतसमारंभासही ते पंचा आणि शाल याच वेषात गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विन्स्टन चर्चिल यांनी याच वेषावरून त्यांची हेटाळणी केली होती.

हा पेहराव निष्काळजीपणाचा नव्हता. १८८८ च्या पांढऱ्या फ्लॅनेलइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो विचारपूर्वक निवडलेला होता. फरक प्रश्नात आहे. १८८८ मधील प्रश्न होता, 'मी ज्यांच्यापुढे उभा राहणार, त्यांना काय आवडेल?' १९३१ मध्ये तो असा झाला : 'मी ज्यांच्या वतीने उभा राहणार, त्यांच्या अंगावर काय आहे?' पेहरावाचा हा प्रवास दिखाव्याकडून साधेपणाकडे झाला, असे म्हणण्यापेक्षा तो अनुनयाकडून प्रतिनिधित्वाकडे झाला, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

परंतु याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुटाबुटात बसले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होत नाही. केवळ साधेपणाच्या कसोटीवर मोजले तर हा पोशाख विलायती अनुकरण ठरेल. प्रतिनिधित्वाच्या कसोटीवर मात्र निष्कर्ष उलटा निघतो. ज्या समाजाने काय नेसावे आणि कसे नेसावे हे पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी ठरविले, त्याच्या प्रतिनिधीने नीटनेटका सूट घालणे ही हौस नसून हक्काची घोषणा होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी वरिष्ठ जातींतील स्त्रियांप्रमाणे पायघोळ लुगडे नेसण्याचा आणि जातीची खूण ठरलेले जाडजूड दागिने टाकण्याचा सल्ला दिला होता. लंडनमधील सूट आणि महाडचे लुगडे यांमागील विचार एकच आहे. त्याग करण्यासाठी आधी ती वस्तू वापरण्याचा निर्वेध अधिकार असावा लागतो. बॅरिस्टर गांधींनी सूट उतरविला, कारण तो त्यांचा होता. ज्यांच्या अंगावर तो कधी येऊच दिला गेला नव्हता, त्यांना उतरविण्याचा उपदेश करणे न्याय्य ठरत नाही. दोघांनीही आपापल्या लोकांकडे पाहून पेहराव ठरविला आणि म्हणूनच दोघांचे पेहराव परस्परविरुद्ध आले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

(१) आत्मकथेतील लंडनविषयक प्रकरणे मोह आणि त्याग यांच्या सरळ नीतिकथेत बसत नाहीत. पेहरावाचा खटाटोप हा आहारविषयक व्रताची भरपाई म्हणून सुरू झाला, ही गोष्ट संहितेतच नोंदलेली आहे.

(२) परदेशी शहर एकच निवाडा देते, हे गृहीत आत्मकथेतील अनुभवानेच खोटे ठरते. बाँड स्ट्रीट, फॅरिंग्डन स्ट्रीट आणि किंग्जली हॉल ही तीन निरनिराळी लंडने आहेत.

(३) पेहराव बदलण्याचे, चुकण्याचे आणि सुधारण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नव्हते. आनंदीबाईंना ते जाहीर हमीच्या बदल्यात सोडावे लागले. कस्तुरबांच्या बाबतीत ते दुसऱ्याच्या हाती राहिले. दलितांना ते झगडून मिळवावे लागले.

(४) गांधीजींच्या बाबतीत कायम राहिली ती पेहरावाविषयीची जागरूकता. बदलली ती तिची दिशा.

या निष्कर्षांचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. 'सत्याचे प्रयोग'मधील हा भाग शिकविताना हॅट आणि आरसा यांवर हसून थांबले, तर वर्गातील ज्या विद्यार्थ्याने पहिल्यांदाच शहरी महाविद्यालयात येण्यासाठी नवा शर्ट घेतला आहे, त्याला आपल्यावरच हसल्यासारखे वाटेल. त्याऐवजी साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये एकटा उभा असलेला, पेटीच्या किल्ल्याही जवळ नसलेला अठरा वर्षांचा मुलगा त्याच्यापुढे उभा केला, तर तो त्याला ओळखेल. त्या मुलाला चांगले दिसायचे होते, यात लाजण्यासारखे काही नव्हते.

आज परिषदांसाठी आणि उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या प्राध्यापक व विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि बॅग भरताना पडणारा प्रश्न तोच आहे. आत्मकथा त्याला तयार उत्तर देत नाही. हवामान आणि शिष्टाचार यांची चौकशी आधी करावी, हे तर पांढरे फ्लॅनेलही शिकविते. त्यापलीकडे आपण तेथे कोणापुढे आणि कोणाच्या वतीने उभे राहणार आहोत, हा विचार मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. तो कपड्यांआधी करावा, एवढे हे पुस्तक सुचविते.